टपाल कार्यालये आणि वित्तीय समावेशनाचे नियमन (भारत)

भारतातील टपाल कार्यालये पत्रे व पार्सले पोहोचवण्याबरोबरच बचत खाती, मुदत ठेवी, मनीऑर्डर, विमा आणि २०१८ पासून पेमेंट्स बँकेच्या सेवाही देतात. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये असून त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. त्यामुळे बँकेपासून दूर राहिलेल्या लोकांना वित्तीय व्यवहारांच्या कक्षेत आणण्याच्या कामात, म्हणजेच वित्तीय समावेशनात, त्यांना मोठे स्थान आहे. मात्र टपाल कार्यालयाने कोणाकडून किती पैसा घ्यावा, तो कोठे गुंतवावा, कर्ज द्यावे की नाही, ग्राहकाची ओळख कशी पटवावी, या सर्व बाबी कायदे व नियम ठरवतात. टपाल बचत बँक केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या नियमांखाली चालते, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली. एकाच खिडकीवर मिळणाऱ्या या सेवांचे स्वरूप या दुहेरी नियमनातून घडले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

टपाल कार्यालयातून बचत गोळा करण्याची कल्पना ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात आली. विल्यम ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ मध्ये तेथील संसदेने टपाल बचत बँकेचा कायदा केला. एक शिलिंगापासून ठेव स्वीकारली जाई. मात्र एका वर्षात ३० पौंडांपेक्षा अधिक आणि एकूण १५० पौंडांपेक्षा अधिक रक्कम ठेवता येत नसे. ही बँक लहान बचतदारांसाठी आहे, सधनांसाठी किंवा व्यापाऱ्यांसाठी नाही, हे या मर्यादेने निश्चित केले. ‘लहान ठेव, सरकारी हमी आणि वरची मर्यादा’ हे सूत्र पुढे अनेक देशांनी उचलले.

भारतात सरकारी बचत बँकांसाठी १८७३ चा सरकारी बचत बँक अधिनियम झाला आणि त्याच्या आधारे १८८२ मध्ये टपाल कार्यालयांतून बचत बँकेचे काम सुरू झाले. मनीऑर्डरची सेवा त्याआधीच, १८८० मध्ये, टपाल खात्याकडे आली होती. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात असलेल्या कोकणातील व घाटावरील चाकरमान्यांनी गावी पाठवलेला पैसा अनेक दशके याच मार्गाने गेला. कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे म्हटले जाई, ते याच कारणाने. पोस्टमन दारात आणून देत असलेली रोख रक्कम हा कित्येक कुटुंबांचा औपचारिक वित्तव्यवस्थेशी आलेला पहिला, आणि बराच काळ एकमेव, संबंध होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, टपाल कार्यालयांतून रोख प्रमाणपत्रे विकली जाऊ लागली. सरकारला युद्धखर्चासाठी पैसा हवा होता. सामान्यांची बचत हा सरकारी कर्जउभारणीचाही स्रोत आहे, ही जाणीव तेव्हापासून टपाल बचतीच्या नियमांत कायम राहिली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे, आवर्ती ठेव, मासिक प्राप्ती योजना, १९८८ चे किसान विकास पत्र, २०१५ ची सुकन्या समृद्धी योजना अशा योजनांची त्यात भर पडत गेली.

कायदेशीर चौकट

टपाल बचत बँक ही रूढ अर्थाने बँक नाही. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ तिला लागू होत नाही आणि तिला रिझर्व्ह बँकेचा परवानाही लागत नाही. टपाल विभाग हा अर्थ मंत्रालयाचा प्रतिनिधी म्हणून ठेवी स्वीकारतो. प्रत्येक खात्यामागे व प्रमाणपत्रामागे त्याला ठरावीक मोबदला मिळतो. ठेवीदाराचे पैसे परत करण्याची जबाबदारी थेट केंद्र सरकारची असते. बँकांतील ठेवींना ठेव विम्याचे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. टपाल बचतीला अशा विम्याची गरज नाही, कारण तिला शासनाची पूर्ण हमी आहे.

२०१८ च्या वित्त अधिनियमाने या क्षेत्रातील कायद्यांचे एकत्रीकरण केले. १९५९ चा सरकारी बचत प्रमाणपत्र अधिनियम आणि १९६८ चा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी अधिनियम रद्द झाले. १८७३ च्या कायद्यात दुरुस्ती करून त्याला सरकारी बचत प्रोत्साहन अधिनियम असे नाव मिळाले. त्याखाली २०१८ मध्ये सर्वसाधारण नियम आणि डिसेंबर २०१९ मध्ये बचत खात्यासह विविध योजनांचे नवे नियम लागू झाले.

टपाल सेवेचा स्वतंत्र कायदा १८९८ पासून होता. त्याच्या जागी टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ आला आणि तो १८ जून २०२४ पासून अमलात आला. पत्रवहनाचा सरकारचा एकाधिकार त्यात राहिलेला नाही. टपाल कार्यालयाने कोणत्या सेवा द्याव्यात, हे केंद्र सरकार नियमांद्वारे ठरवू शकते. पत्रांचे प्रमाण घटत असताना नागरिकांना इतर सेवा देणारे जाळे म्हणून टपाल कार्यालयाकडे पाहण्याची भूमिका या कायद्यामागे आहे. बचतीचे व्यवहार मात्र अजूनही १८७३ च्या कायद्याखालीच चालतात.

बचत खात्याचे नियम आणि लहान ठेवीदार

वित्तीय समावेशन मोठ्या धोरणांइतकेच खात्याच्या बारीकसारीक अटींवर अवलंबून असते. टपाल बचत खात्याच्या काही अटी लहान ठेवीदाराला अनुकूल आहेत. दहा वर्षांवरील अज्ञान मुलाला स्वतःच्या सहीने खाते चालवता येते. ठेवीदाराचा मृत्यू झाला आणि नामनिर्देशन नसले, तरी पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम ठरावीक कालावधीनंतर वारसा प्रमाणपत्राशिवाय वारसांना मिळू शकते. न्यायालयाची पायरी न चढता पतीच्या किंवा वडिलांच्या खात्यातील रक्कम मिळणे ही गरीब कुटुंबाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

काही अटी मात्र उलट दिशेने काम करतात. डिसेंबर २०१९ च्या नियमांनी बचत खात्यातील किमान शिल्लक ५० रुपयांवरून ५०० रुपये केली. आर्थिक वर्षाच्या अखेरीस तेवढी शिल्लक नसल्यास देखभाल शुल्क कापले जाते आणि शिल्लक शून्यावर आल्यास खाते आपोआप बंद होते. हंगामी मजुरी करणाऱ्याच्या खात्यात वर्षातील काही महिने काहीच जमा होत नाही, हे लक्षात घेतले तर या अटीचा परिणाम कोणावर होतो, ते स्पष्ट होते. वाणिज्य बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २००५ पासून साध्या खात्यांचा आणि २०१२ पासून किमान शिलकीची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यांचा आग्रह धरला होता. तो टपाल बचत बँकेला बंधनकारक नव्हता. २०२१ मध्ये कल्याणकारी योजनांच्या लाभार्थ्यांसाठी किमान शिलकीविना चालणारे मूलभूत खाते टपाल कार्यालयातही उपलब्ध झाले.

सलग तीन आर्थिक वर्षे व्यवहार न झालेले खाते ‘मूक’ ठरते. ते पुन्हा सुरू करण्यासाठी ठेवीदाराला ओळखीची कागदपत्रे नव्याने द्यावी लागतात. दीर्घकाळ दावा न केलेली अल्पबचतीची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, तर बँकांतील अशी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. दोन्ही ठिकाणी ठेवीदाराचा किंवा वारसांचा हक्क अबाधित राहतो, मात्र दाव्याचे मार्ग वेगळे आहेत.

व्याजदर आणि ठेवींचा विनियोग

१ एप्रिल १९९९ पासून अल्पबचतीची सर्व रक्कम राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होते. या निधीतून केंद्र व राज्य सरकारांच्या रोख्यांत गुंतवणूक केली जाते. राज्यात जमा झालेल्या निव्वळ बचतीचा मोठा हिस्सा पूर्वी त्या त्या राज्याला कर्जरूपाने मिळत असे. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २०१६ पासून, काही अपवाद वगळता बहुतेक राज्ये या व्यवस्थेतून बाहेर पडली.

याचा अर्थ असा, की गावातील शाखा डाकघरात जमा होणारी बचत गावातील शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला कर्ज म्हणून परत जात नाही. वाणिज्य बँकांना आपल्या कर्जांपैकी ठरावीक हिस्सा शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्रांना द्यावा लागतो. टपाल बचत बँक कर्जव्यवसायच करत नसल्यामुळे असा प्रश्न तिच्या बाबतीत उद्भवत नाही. बचतीची सुरक्षितता आणि स्थानिक पतपुरवठ्याचा अभाव या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत.

श्यामला गोपीनाथ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या दरांशी जोडण्याची शिफारस केली. त्या वर्षी बचत खात्याचा दर ३.५ वरून ४ टक्के झाला. एप्रिल २०१६ पासून योजनांचे दर दर तिमाहीस जाहीर होतात. हे दर ठरवताना बाजाराइतकाच जनमताचा विचार होतो. ३१ मार्च २०२१ रोजी बचत खात्याचा दर ४ वरून ३.५ टक्क्यांवर आणणारी अधिसूचना निघाली आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घेण्यात आली.

त्याच समितीच्या शिफारशींनंतर अल्पबचत प्रतिनिधींच्या दलालीचे नियम बदलले. घरोघरी जाऊन आवर्ती ठेवीचे मासिक हप्ते गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधी ‘महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजने’खाली काम करतात. त्यांची ४ टक्के दलाली कायम राहिली. इतर प्रतिनिधींची दलाली एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाली, तर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी व ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांवरील दलाली बंद झाली. महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावांत या महिला प्रतिनिधींमुळे अनेक गृहिणींना टपाल कार्यालयात न जाताही नियमित बचत करता आली.

मजुरीचे वितरण

टपाल कार्यालये एकदम फार मोठ्या संख्येच्या गरीब खातेदारांशी जोडली गेली, ती राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेमुळे. रोख मजुरी वाटपातील गैरव्यवहार रोखण्यासाठी २००८ पासून मजुरी बँक किंवा टपाल खात्यातूनच देण्याचे बंधन आले. जेथे बँक नव्हती तेथे टपाल कार्यालय होते. त्यामुळे लाखो मजुरांची पहिली खाती तेथे उघडली गेली.

या अनुभवातून एक मर्यादा पुढे आली. खाते उघडण्याचे बंधन घालता येते, पण खात्यातून पैसे मिळण्यासाठी शाखेत रोकड असावी लागते. शाखा डाकघरात किती रोख ठेवता येईल, हे नियमांनी ठरलेले असते आणि जास्तीची रक्कम वरच्या डाकघरातून मागवावी लागते. संगणकीकरण नसलेल्या काळात नोंदी हातानेच होत. परिणामी मजुरी मिळण्यास उशीर होई. लाभ थेट खात्यात जमा करण्याची पद्धत वाढली, तेव्हा गाभा बँकिंग प्रणाली नसलेली टपाल खाती मागे पडली आणि अनेक मजुरांना बँकेत नवी खाती काढावी लागली.

शाखा डाकघरातून एका खात्यातून एका दिवसात ५,००० रुपयेच काढता येत. २०२१ मध्ये ही मर्यादा २०,००० रुपये करण्यात आली. आजारपण, बियाणे किंवा लग्नकार्य यांसाठी एकरकमी पैसे लागणाऱ्या खातेदाराच्या दृष्टीने असा बदल नव्या योजनेइतकाच महत्त्वाचा असतो.

पूर्ण बँकेपासून पेमेंट्स बँकेपर्यंत

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना ‘व्यवसाय प्रतिनिधी’ नेमण्यास परवानगी दिली. अशा प्रतिनिधींच्या यादीत टपाल कार्यालयांचा उल्लेख होता. म्हणजे टपाल कार्यालय स्वतः बँक नसले, तरी दुसऱ्या बँकेचे काम करू शकत होते.

२०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या बँकांसाठी अर्ज मागवले. टपाल विभागाने पूर्ण वाणिज्य बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला. एप्रिल २०१४ मध्ये दोनच अर्जदारांना तत्त्वतः मान्यता मिळाली. टपाल विभागाच्या अर्जाचा विचार सरकारशी चर्चा करून स्वतंत्रपणे केला जाईल, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. दरम्यान नचिकेत मोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात ठेवी व भरणा यांपुरत्या मर्यादित अशा वेगळ्या प्रकारच्या बँकांची शिफारस केली होती. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी पेमेंट्स बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि १९ ऑगस्ट २०१५ रोजी ४१ पैकी ११ अर्जदारांना तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यांत टपाल विभाग होता. पुढे काही अर्जदारांनी माघार घेतली.

ऑगस्ट २०१६ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही पूर्णपणे सरकारी मालकीची कंपनी स्थापन झाली. ३० जानेवारी २०१७ रोजी रांची व रायपूर येथे तिच्या पहिल्या शाखा सुरू झाल्या आणि १ सप्टेंबर २०१८ रोजी देशव्यापी सेवेला प्रारंभ झाला. टपाल कार्यालये तिची सेवाकेंद्रे बनली आणि पोस्टमन व ग्रामीण डाक सेवक हातातील यंत्रासह घरपोच सेवा देऊ लागले.

पेमेंट्स बँकेवरील निर्बंध

पेमेंट्स बँकेच्या परवान्यातील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे आहेत:

• कर्ज देता येत नाही आणि क्रेडिट कार्ड काढता येत नाही. डेबिट कार्ड देता येते.
• एका ग्राहकाकडून दिवसअखेरीस ठरावीक मर्यादेपर्यंतच ठेव ठेवता येते. ही मर्यादा सुरुवातीला १ लाख रुपये होती. एप्रिल २०२१ मध्ये ती २ लाख रुपये झाली.
• मागणी ठेवींच्या किमान ७५ टक्के रक्कम एक वर्षापर्यंत मुदतीच्या सरकारी रोख्यांत गुंतवावी लागते. उरलेली, जास्तीत जास्त २५ टक्के, रक्कम इतर वाणिज्य बँकांत ठेवता येते.
• किमान भरणा झालेले भांडवल १०० कोटी रुपये असावे लागते आणि भांडवल पर्याप्तता १५ टक्के राखावी लागते.
• किमान २५ टक्के सेवाकेंद्रे ग्रामीण भागात असावी लागतात.
• नावात ‘पेमेंट्स बँक’ हे शब्द वापरावे लागतात.

ठेवीदाराचा पैसा बुडू नये, हा या अटींचा हेतू आहे. कर्जच नसल्यामुळे बुडीत कर्जाचा धोका उरत नाही. मात्र बँकेच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोतही त्याबरोबर जातो. अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांवरील व्याज आणि ठेवीदाराला द्यायचे व्याज यांतील अंतर थोडेच असते. म्हणून व्यवहारशुल्क, विमा व इतर संस्थांची उत्पादने विकून मिळणारी दलाली आणि सरकारी योजनांचे काम यांवर अवलंबून राहावे लागते. विम्यासाठी पुन्हा विमा नियामकाचे नियम लागू होतात.

या बँकेला सुरुवातीची वर्षे तोटा झाला. सरकारने तिच्यासाठीचा प्रकल्पखर्च १,४३५ कोटींवरून २०२२ मध्ये २,२५५ कोटी रुपयांपर्यंत वाढवला. नियामक अटींनुसार भांडवल राखणे हे त्यामागील एक कारण होते. २०२२-२३ या वर्षात बँकेने प्रथमच सुमारे २० कोटी रुपयांचा नफा नोंदवला. तिच्या ग्राहकांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे.

एकाच खिडकीवरील दोन खाती

ग्राहकाला टपाल कार्यालय एकच दिसते, पण तेथील दोन खाती दोन वेगळ्या कायदेशीर जगांत असतात.

| बाब | टपाल बचत बँक | इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक |
|---|---|---|
| नियामक | केंद्रीय अर्थ मंत्रालय | भारतीय रिझर्व्ह बँक |
| मुख्य कायदा | सरकारी बचत प्रोत्साहन अधिनियम, १८७३ | बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ |
| ठेवींची सुरक्षा | केंद्र सरकारची हमी | ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा |
| मुदत ठेवी | स्वीकारते | स्वतः स्वीकारत नाही |
| ठेवींची गुंतवणूक | राष्ट्रीय अल्पबचत निधी | मुख्यतः अल्पमुदतीचे सरकारी रोखे |
| कर्जव्यवसाय | नाही | नाही |
| तक्रार | टपाल विभागाची तक्रार यंत्रणा | बँक व नंतर रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना |

ही दोन खाती एकमेकांशी जोडता येतात. पेमेंट्स बँकेतील शिल्लक मर्यादेपलीकडे गेली, तर जास्तीची रक्कम जोडलेल्या टपाल बचत खात्यात वळवली जाते. नियामकाने घातलेल्या मर्यादेवर दुसऱ्या नियामकाच्या कक्षेतील खात्याने काढलेला हा मार्ग आहे. तो उपयुक्त असला, तरी आपली नेमकी कोणती रक्कम कोणत्या खात्यात आहे आणि तिचे संरक्षण कोणते, हे अनेक खातेदारांना ठाऊक नसते.

आर्थिक जबाबदारीच्या प्रश्नावर न्यायालयांनीही लक्ष घातले आहे. किसान विकास पत्रांची रक्कम फसवणुकीने काढून घेतल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टपाल कार्यालयाला त्याच्या कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या गैरकृत्याबद्दल बँकेप्रमाणेच जबाबदार धरले.

ओळखीचे नियम

काळा पैसा प्रतिबंधक अधिनियम, २००२ आणि त्याखालील नियम बँकांप्रमाणे टपाल बचतीलाही लागू आहेत. किसान विकास पत्रे पूर्वी हस्तांतरणास सोपी होती. त्यांचा काळ्या पैशासाठी वापर होण्याच्या भीतीने २०११ मध्ये ती बंद झाली आणि २०१४ मध्ये ओळखीच्या कडक अटींसह पुन्हा सुरू झाली.

३१ मार्च २०२३ च्या अधिसूचनांनी अल्पबचत खात्यांसाठी आधार क्रमांक आवश्यक केला. आधार नसल्यास नोंदणी क्रमांक देऊन सहा महिन्यांत आधार सादर करावा लागतो. जुन्या खातेदारांनाही ३० सप्टेंबर २०२३ पर्यंतची मुदत होती. ती न पाळल्यास आधार देईपर्यंत खाते गोठवले जाते. ठरावीक रकमेपलीकडील व्यवहारांसाठी पॅनही लागतो.

ओळखीची एक पद्धत ठरल्यामुळे खाते उघडणे अनेकांसाठी सोपे झाले. कागदांच्या प्रतींऐवजी बोटाच्या ठशावर काही मिनिटांत खाते निघते. आधाराधारित भरणा प्रणालीमुळे कोणत्याही बँकेतील आधारजोडणी झालेल्या खात्यातील पैसे पोस्टमनकडून घरी मिळू शकतात. २०२० च्या टाळेबंदीत बँकेपर्यंत जाऊ न शकणाऱ्या वृद्धांना आणि निवृत्तिवेतनधारकांना या सेवेचा मोठा उपयोग झाला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळण्यासाठी आधारजोडणी असलेले स्वतःचे खाते आवश्यक आहे. त्यामुळे स्वतःच्या नावाचे खाते नसलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने जवळचे टपाल कार्यालय महत्त्वाचे ठरले.

दुसरीकडे, कष्टाच्या कामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, ज्यांच्या नावाची किंवा जन्मतारखेची नोंद कागदोपत्री जुळत नाही, त्यांची अडचण होते. जुन्या व्यवस्थेत शाखा डाकपाल गावातील खातेदाराला चेहऱ्याने ओळखत असे. नव्या व्यवस्थेत अशा परिचयाला नियमांत फारसे स्थान उरलेले नाही.

तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ

टपाल खात्याच्या संगणकीकरणाचा प्रकल्प २०१२ मध्ये हाती घेण्यात आला. डिसेंबर २०१७ मध्ये ‘दर्पण’ प्रकल्पाखाली सुमारे १.२९ लाख शाखा डाकघरांना हातातील यंत्रे देण्याचे काम सुरू झाले. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व दीड लाख टपाल कार्यालये गाभा बँकिंग प्रणालीवर आणण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात टपाल बचत खात्यांना बँकांशी पैशांची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण करता येऊ लागली. त्यापूर्वी टपाल खात्यातील रक्कम बँक खात्यात नेण्यासाठी धनादेश किंवा रोख हाच मार्ग होता.

ग्रामीण सेवेचा भार प्रामुख्याने ग्रामीण डाक सेवकांवर आहे. त्यांच्या सेवाशर्ती नियमित सरकारी कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळ्या असून त्यांचा मोबदला दिवसाच्या चार ते पाच तासांच्या कामावर ठरतो. पत्रवाटप, बचत बँक, विमा आणि पेमेंट्स बँक ही सर्व कामे त्याच वेळात करावी लागतात. शाखा डाकघर मर्यादित वेळच उघडे असते, याचे मूळ या सेवाशर्तींत आहे.

इतर देशांतील अनुभव

नियमन आणि टपाल बँकिंग यांचा संबंध इतर देशांतही दिसतो. अमेरिकेत १९१० च्या कायद्याने टपाल बचत व्यवस्था सुरू झाली. खाजगी बँकांच्या विरोधामुळे ठेवीवर सुरुवातीस ५०० डॉलरची मर्यादा व दोन टक्के व्याज ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर बँकांचे दर वाढले, टपाल बचतीचे दर वाढले नाहीत, आणि १९६० च्या दशकात ही व्यवस्था बंद झाली. जपानमध्ये २००७ च्या खाजगीकरणानंतरही टपाल बँकेच्या ठेवींवर मर्यादा राहिली. प्रादेशिक बँकांच्या हितासाठी ती आवश्यक मानली जाते. ती २०१६ व २०१९ मध्ये शिथिल झाली. ब्राझीलमध्ये २००२ पासून टपाल कार्यालयांनी एका खाजगी बँकेचे प्रतिनिधी म्हणून सेवा दिली. मोरोक्कोत २०१० मध्ये टपाल सेवेच्या वित्तीय कामाचे रूपांतर बँकेत झाले.

मूल्यमापन

भारतातील टपाल जाळ्याने बचत आणि पैशांची देवाणघेवाण या दोन सेवा दूरवर नेल्या, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो कर्जाबद्दल. टपाल बँकेला लहान कर्जे देण्याची मुभा द्यावी, अन्यथा गावातील गरजूला सावकाराकडेच जावे लागेल, असे एक मत आहे. कर्ज मंजूर करणे व वसूल करणे हे वेगळे कौशल्य असून राजकीय दबावाखाली दिलेली कर्जे बुडाल्यास लहान ठेवीदारांचा विश्वासच धोक्यात येईल, असे दुसरे मत आहे. पेमेंट्स बँकेचे लघुवित्त बँकेत रूपांतर करण्याचा पर्यायही चर्चेत आला. मात्र रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१९ च्या लघुवित्त बँकविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिक क्षेत्रातील संस्था प्रवर्तक म्हणून पात्र नाहीत. त्यामुळे सध्या इतर बँका व वित्तसंस्था यांची कर्जे ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याचे मध्यस्थाचे काम टपाल बँक करते. कर्ज द्यायचे की नाही, याचा निर्णय त्या संस्थांकडेच राहतो.

दुसरा आक्षेप दुहेरी नियमनाबद्दल आहे. दोन नियामक, दोन हमी आणि तक्रारीचे दोन मार्ग यांमुळे सामान्य खातेदार गोंधळतो. मात्र याच विभागणीमुळे पेमेंट्स बँकेच्या व्यवसायातील जोखीम टपाल बचतीला स्पर्श करत नाही. खात्यांची संख्या हे समावेशनाचे एक माप आहे. खात्यातून वेळेवर रोकड मिळणे, ओळखीअभावी खाते न गोठणे आणि तक्रारीची दाद लागणे ही त्याची अधिक कठोर मापे आहेत. टपाल कार्यालयांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी मुख्यतः नियमांच्या रचनेवर अवलंबून आहेत.